हिरव्या साडीतली रुद्राणी

रुद्राणी शेटे मूळची कागलची. तिचे मामा नागाप्पा कोल्हापुरात सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. अठ्ठ्याऐंशी साली मुंबईची मंडळी टीव्हीसाठी एका रहस्यकथेचं शूटिंग करायला आली. कथेतल्या बेपत्ता बायकोचं मोठं तैलचित्र त्यांना हवं होतं. मामांनी भाचीला हिरवी साडी नेसवून खिडकीपाशी बसवलं आणि चित्र काढलं.

टीव्हीवर तो भाग लागला त्या दिवशी कागलात वीज नव्हती. रुद्राणीनं काहीच पाहिलं नाही. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत भुसारी दुकान असलेल्या वीरेश शेट्यांनी मात्र पाहिला. शूटिंगवाल्यांनी परत दिलेलं चित्र त्यांनी मामांकडून विकत घेतलं आणि मग विचारलं, "ही पोरगी कुणाची?"

लग्न झालं. चित्र बैठकीत लागलं.

माणूस तसा वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही. पण दुकानातून आले की आधी चित्राकडे बघायचे, मग तिच्याकडे. "अंबाडा जरा खाली घे." "भात कमी खा, दंड सुटायलेत." साडी घ्यायची ती हिरवीच. तिला चष्मा लागला, तो त्यांच्यासमोर घालायचा नाही. टायफॉइडनं केस गळले तेव्हा सगळा पावसाळा ते तिच्याशी बोलले नाहीत. ताट घेऊन चित्रासमोर बसायचे. मूल झालं नाही. झालं असतं तर अंग बिघडलं असतं, असं ते एकदा सहज म्हणाले.

तिनं एकदाच विचारलं होतं, "त्या गोष्टीत शेवटाला काय हुतं?"

"नवरा तिला कधी इसरत न्हाय," ते म्हणाले.

गेल्या वर्षी वीरेश हार्ट अटॅकनं गेले. रुद्राणी रडली नाही. धक्का बसलाय, लोक म्हणाले. तिलाही तसंच वाटलं.

दिवाळीनंतर दिराची मुलगी प्रेरणा मोबाइल घेऊन आली. "काकू, तुझ्या चित्राचा भाग सापडला की! कुणीतरी नेटवर टाकलाय."

दोघी बघत बसल्या. आवाज फाटका होता. बायको आजारपणात रोडावते, चित्रासारखी दिसेनाशी होते, म्हणून नवराच तिला मागच्या खोलीत कोंडतो आणि बेपत्ता झाली म्हणून सांगतो. पोलीस दार तोडतात तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. कोण आलं हे बघायला मानही वळवत नाही.

प्रेरणानं मोबाइल पालथा ठेवला. "काकांनी हे शेवटपर्यंत बघितलेलं?"

"व्हय. बघितलेलंच की."

"काकू, काय वाटतंय तुला?"

रुद्राणीनं खरंच आठवून बघितलं, आत कुठं काही दुखतंय का. "काय न्हाय गं. भूक लागलीया."

भाकरी खाऊन झाल्यावर तिनं मामांच्या मुलाला फोन करून चित्र घेऊन जायला सांगितलं. मामांच्या हातचं असं त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. जुन्या चादरीत चित्र गुंडाळताना म्हणाला, "अक्का, तुझी आठवण म्हणून जपून ठेवतो बघ."

"माझी कशाला? मामाची म्हण."

प्रेरणा टेम्पो वळेपर्यंत दारात उभी राहिली. रुद्राणी आधीच आत गेली होती. दूध वर आलं होतं. तिनं गॅस बारीक केला आणि साय धरेपर्यंत तिथंच उभी राहिली.