तुतीत अडकलेलं यंत्र

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी व्हर्लिन हूसमन रोज सकाळी गाडी काढून लोकांच्या घरामागची झाडी न्याहाळत हिंडायचा. अमेरिकेतल्या आयोवात जुनं यंत्र कुणी पटकन भंगारात घालत नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांत नेऊन उभं करतात आणि म्हणतात, सवडीनं दुरुस्त करू. ती सवड चाळीस चाळीस वर्षं येत नाही.

त्याला हवं होतं मक्याची कणसं खुडायचं यंत्र. मागून ओढायचं नव्हे, ट्रॅक्टरच्या अंगावर चढवायचं. डावीकडे एक धूड, उजवीकडे एक, आणि मध्ये चालवणारा, जणू दोन पैलवानांच्या बगलेत! वडिलांच्या लाल ट्रॅक्टरवर ते चढवून त्याला एकदा मक्यात शिरायचं होतं. डिसेंबरात गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्यानंतर ट्रॅक्टरवर चढायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. हाती उरला होता हा एकच हंगाम.

गेल्या वर्षी त्यानं शेजारच्या मिनेसोटा राज्यातून एक यंत्र आणलं होतं, मापं न घेता, नुसत्या हौसेनं. ते निघालं लहान मापाच्या ट्रॅक्टरचं, वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसेचना. बायको आर्डिस म्हणाली, "छान झालं. माझ्या घेवड्याला मांडव मिळाला."

सप्टेंबरात लुएला टियाडनच्या झाडीत त्याला लाल पत्रा चमकताना दिसला. लुएला त्याच्याच वर्गातली, आता विधवा. रस्ता तिच्या घरापाशीच संपतो, पुढे नुसता ओढा. तरी दारात उभा राहून तो म्हणाला, "सहज इकडून चाललो होतो."

"कुठं, ओढ्यात? ये आत, कॉफी आहे."

आल्या आल्या मागणं तिथं शोभत नाही. म्हणून आधी पावसाचं झालं, चर्चच्या गळक्या छपराचं झालं, दोघांच्या गुडघ्यांचं झालं. रूबार्बच्या आंबटगोड पाय-पेस्ट्रीचा दुसरा तुकडा संपल्यावर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तुती चांगली फोफावली की."

"तुती बघायला आलास होय रे?"

"तुतीत काहीतरी आहे."

"माझ्या हार्लनचं यंत्र आहे. विकायचं नाही. तो दुरुस्त करणार होता."

"अगं, हार्लनला जाऊन अकरा वर्षं झाली."

"घाई करणारा माणूस नव्हताच तो."

व्हर्लिननं टोपी उचलली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं डॉक्टरचं सगळं सांगून टाकलं. लुएलानं कपाच्या तळाशी उरलेली कॉफी ढवळली.

"लग्न झालं त्या वर्षी हार्लनचा पाय मोडला," ती म्हणाली. "सगळा मका मी काढला त्या यंत्रावर. पुढच्या वर्षी तो बरा झाला. त्यानंतर कुणी मला विचारलंच नाही, की बाई, बसतेस का."

"बसतेस का?" व्हर्लिननं विचारलं.

"पैसे नकोत मला. जाताना मी, येताना तू."

तुती कापायला दोन दिवस गेले, गंज सोडवायला पाच आठवडे, आणि मग यंत्र वडिलांच्या ट्रॅक्टरवर चढलं. शेजारी डेल ओल्डेनबर्गनं आपल्या शेतात चार ओळी उभ्या ठेवायचं कबूल केलं होतं. जाताना दोन, येताना दोन. बाकीच्या मक्यासाठी त्याचं अवाढव्य कापणी यंत्र बांधावर तयार होतं.

व्हर्लिन काठी टेकत शेताच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला, आपल्या पाळीसाठी. खडखडाट झाला, धुरळा उडाला, मागच्या गाडीत कणसं धडाधड पडू लागली. त्या धुरळ्यातून लुएला आली, डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला, गाल लालबुंद. टोकाशी आली, वेग कमी केला, सफाईनं वळली आणि उरलेल्या दोन ओळींत घुसली!

"लुएला! अगं, माझी पाळी!"

ती पाठमोरी होती. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं.

तो पोटभर हसला. मग काठी टाकून, तो बिचारा गुडघा ओढत बांधाकडे पळाला आणि टोपी हलवत ओरडला, "डेल! यंत्र सुरू करू नकोस लेका! अजून चार ओळी राहू दे!"