चिलखताची काख

नाशिकरोड स्टेशनवर हमालाने माझी बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"आजी, आत काय आहे?"

"सदरा."

त्याने आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पण मी खोटं बोलत नव्हते. आत सदराच होता, फक्त लोखंडाचा. शाळेत इतिहास शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भिशी लावतात. मी चिलखत करायला घेतलं. जुन्या लढवय्यांच्या अंगावर असायचं तसं, कडीत कडी अडकवलेलं. लोखंडी तार सळईवर गुंडाळायची, तिच्या कड्या कापायच्या, टोकं ठोकून चपटी करायची, त्यात इवलं छिद्र पाडायचं, पुढची कडी ओवायची आणि रिव्हेट मारून तोंड बंद करायचं. एक कडी चार कड्यांना धरते आणि त्या चौघी पुन्हा आपापल्या शेजारणींना. माझी काही वर्षं या उद्योगात गेली. मुलगा म्हणायचा, "आई, स्वेटर तरी लवकर होतो."

हे चिलखत माझ्या नातीसाठी होतं. ईरा मर्दानी खेळ खेळते. शाळाशाळांतून तिच्या चमूचे प्रयोग होतात आणि त्यात खऱ्यासारखं चिलखत घालून पट्टा फिरवायचा मान तिचा. चिलखत पुरं झालं, ईराने ते घातलं, हात वर केला आणि तो खांद्यापाशीच अडकला. तिने जोर लावला तर अख्खं चिलखत वर आलं आणि तिची हनुवटी आत गेली. कासवच जणू.

"आजी, तू रागावू नकोस," ती म्हणाली, "पण सरांनी टिकल्यांच्या कापडाचं एक पाहून ठेवलंय."

टिकल्यांचं! मी रागावले नाही. फक्त दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

दोष कुठे आहे हे मला कळत होतं: काखेत. तो दूर कसा करायचा, हे मात्र कळत नव्हतं. मी संग्रहालयांमधून काचेला नाक लावून चिलखतं पाहिली आहेत, रखवालदारांची बोलणी खाल्ली आहेत. पण तिथली सगळी चिलखतं हात खाली सोडून उभी असतात. काख कुणी दाखवत नाही.

अशात देऊळगाव राजाहून सुमनचा फोन आला. सुमन माझी खामगावची शाळा-कॉलेजातली मैत्रीण, आता निवृत्त नर्स. ती म्हणाली, "आमच्या इथं एक शिकलगाराची, म्हंजे हत्यारांना धार आन् झिलई देणाऱ्याची, लेक आहे, रेहानाबी. तिच्या घरी तवा कशानं घासते, माहीत हाय? तुह्या त्या चिलखतासारख्या कड्यांच्या तुकड्यानं. जुना हाय, तिच्या आजोबाच्या घरचा. ये लवकर."

म्हणून मी निघाले. चिलखत बॅगेत, कड्या आणि पकडी चिवड्याच्या जुन्या डब्यात.

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. जालन्याच्या स्टँडवर कंडक्टरने बॅग पायाने सरकवून पाहिली. ती हलली नाही.

"बाई, दगडं भरले का?"

"चिलखत आहे. लढाईचं."

"देऊळगावात कुणाशी भांडण हाय म्हणायचं?"

"एका तव्याशी," मी म्हणाले. त्यानंतर त्याने मला पुढची सीट दिली आणि वाटेत पुन्हा काही विचारलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापसाची वेचणी चालू होती. बायांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या. तुरी शेंगांनी वाकल्या होत्या, हरभरा अजून गुडघ्याखालीच होता. पुढे जमीन हळूहळू उंचसखल झाली आणि दूरवर फिकट टेकड्या दिसू लागल्या. उन्हात धग नव्हती. माझं बालपण याच जिल्ह्यात गेलं, पण या बाजूला मी कधी आले नव्हते. त्या वयात मला बुलढाणा जिल्ह्यातून फक्त बाहेर पडायचं होतं.

सुमन स्टँडवर उभी होती. केस पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच.

"काऊन वं, किती बारीक झाली! आन् हे पुण्यासारखं काय बोलून राह्यली?"

"पुण्यासारखं नाही, नाशिकसारखं."

"माह्यासाठी सारखंच."

घरी गेल्यावर तिने चहा ठेवला आणि माझा चिवड्याचा डबा हक्काने उघडला. मूठ भरली, तोंडाजवळ नेली आणि थांबली.

"बापा! हे खाऊन तर दात जातीन."

मग ती हसायला लागली ती थांबेचना, कारण तिला खामगाव आठवलं. आता ती गोष्ट सांगायलाच हवी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी सरदार झाले होते आणि चिलखतही मीच केलं होतं. सुतळीचं. जाड सुयांवर विणलं आणि वर चांदीचा रंग फासला. 'खरं चिलखत अस्संच दिसायचं,' असं मी सगळ्यांना बजावत होते. खरं चिलखत तोवर मी चित्रातही धड पाहिलं नव्हतं. रंग काही वाळला नाही. तिसऱ्या प्रवेशात मी नाटकातल्या वडिलांना कडकडून मिठी मारली आणि वडील चंदेरी झाले. प्रेक्षकांनी तो प्रवेश पुन्हा मागितला. माझी पाठ रॉकेलने घासून काढायला सुमनला अर्धी रात्र लागली.

"आन् घासताना बी भाषण," सुमन डोळे पुसत म्हणाली. "म्हने, कलेसाठी सोसावं लागते. सोसत तर मी होती! शिवणाच्या तासाले बी तसंच. हिच्या चोळ्या मीच शिवल्या."

त्या वयातली मी मला आता भेटली, तर मी तिला नक्की एक रंगाचा डबा भेट देईन. लवकर वाळणारा.

सकाळी बालाजीच्या देवळावरून, फुलांच्या आणि पेढ्यांच्या दुकानांसमोरून आम्ही रेहानाबीकडे गेलो. तिच्या नवऱ्याचं कातऱ्या-कोयत्यांना धार लावायचं दुकान पुढे, घर मागे, मध्ये फरशीचं अंगण. रेहानाबी पन्नाशीची, बोलायला मोकळी. तिची मुलगी नसरीन सुमनच्या हातची. म्हणजे सुमननेच बाळंतपण केलेलं. त्यामुळे सुमनला तिथे पाय धुवायलाही पाणी मिळालं आणि ओरडायचा अधिकारही.

रेहानाबीने सांगितलं ते असं. तिचं माहेर सिंदखेडराजाचं. फार पूर्वी कुणीतरी एक फाटकं चिलखत झिलईला देऊन गेलं आणि परत नेलंच नाही. घरातल्या बायकांनी पाहिलं, की याने तवा फार छान निघतो. तेव्हापासून घरातली मुलगी सासरी निघाली, की तिच्या भांड्यांत त्या चिलखताचा एक तळहाताएवढा तुकडा घालायचा, अशी रीत पडली.

"माह्या बहिणींनी चांगले चांगले सपाट तुकडे नेले," ती म्हणाली. "मी सगळ्यात लहान. मले उरलेलं भेटलं."

तिने मोरीतून तुकडा आणला. मी तो घेऊन उन्हात धरला. कड्या माझ्या कड्यांहून बारीक, वापरून वापरून पाणीदार झालेल्या. रिव्हेटं शाबूत. पण तुकडा वेडावाकडा होता. ओळी मध्येच दिशा बदलत होत्या, एका कोपऱ्यात आडव्या तर दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या. फरशीवर ठेवला तर सपाट बसेना. मध्ये पिशवीसारखा फुगायचा. मला वाटलं, कुणा आळशी कारागिराने भोक बुजवलंय. एवढ्या लांबून मी एक ठिगळ पाहायला आले होते.

तोंड पडलं असणार माझं, कारण रेहानाबी म्हणाली, "बाई, पाहा, फोटो काढा, दिवसभर बसा. पण घरी नेतो म्हनू नका. माह्या मायची घासनी हाये."

"नाही नेणार," मी म्हणाले. न्यावंसं तरी कुठे वाटत होतं!

"आन् माझ्यासाठी काहीच उरलं नाही," आतून नसरीन म्हणाली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. चेष्टेतच म्हणाली, पण रेहानाबी उगाच चुलीकडे पाहू लागली.

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) होती आणि बुलढाण्याकडची ती मिरचीची भाजी, जी पहिल्या घासाला सौम्य वाटते आणि तिसऱ्याला कानातून बाहेर येते. मी पाणी पीत असताना कढईचा तळ लागला. रेहानाबीने कढई मोरीत नेली, तो तुकडा घेतला आणि मूठ त्याच्या फुगवट्यात घातली. मूठ नीट बसली, मोज्यात बसावी तशी. मनगट वर, खाली, बाजूला, कढईच्या काठाखाली, सगळीकडे वळत होतं आणि तुकडा कुठेही अडत नव्हता.

मी तशीच उठले. भाजीचा हात धुवायचं भान राहिलं नाही.

"रेहानाबी, थांबा. तशीच मूठ ठेवा. आता कोपर वर करा."

तिने केलं. ओळी एका बाजूला मिटल्या, दुसरीकडे उघडल्या. कड्यांच्या विणीला दिशा असते: एका बाजूने ताणली तर पसरते, दुसऱ्या बाजूने आवळते. माझ्या चिलखतात अंगाच्या ओळी आणि बाहीच्या ओळी काखेत काटकोनात भिडत होत्या आणि दोघी एकमेकींना आवळून धरत होत्या. इथे त्या भिडतच नव्हत्या. मध्ये हा तिरका चौकोन होता.

माझ्या मागून सुमन ओरडली, "अवं, हा तर चौबगला हाय! चोळीचा चौबगला!"

शिवणाचा तास. काखेत बसवायचा तो लहानसा चौकोनी तुकडा, ज्याच्यामुळे चोळीतला हात मोकळा वर जातो. बाईंनी तो शिकवला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होते, कारण मी मोठी कलावंत होणार होते आणि कलावंतांना चोळ्या शिवाव्या लागत नाहीत.

"तुहा चौबगला कोणं शिवला होता?" सुमनने कंबरेवर हात ठेवून विचारलं.

"तू."

"मंग? आता कोण सांगीन?"

"तूच सांग, बाई."

आम्ही अंगणात चटई टाकली. रेहानाबीचा तुकडा मधोमध, त्याच्या एका बाजूला मी, दुसरीकडे चष्मा नाकावर घेऊन सुमन. माझ्या पक्क्या केलेल्या काखा पकडीने कापताना मी दोनदा थांबले. त्या कड्या मी अख्खा उन्हाळा बसून लावल्या होत्या. सुमन म्हणाली, "काप. टाके काढताना मागंपुढं पाहू नाई." सुमन तुकड्यातल्या ओळी बोटाने मोजून सांगायची, मी लावायची. एकदा उलटी लावली, पुन्हा काढली. रेहानाबीचा नवरा दुकानातून येऊन माझी पकड घेऊन गेला, तिच्या दातांना धार लावून परत आणून दिली आणि चहा सांगून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही काखा पुऱ्या झाल्या.

घालून कोण पाहणार? सुमनचा तर दंडही बाहीत जाईना आणि माझा हात आता एवढा वर जात नाही. ईराच्या मापाची एकच व्यक्ती घरात होती.

नसरीनने ओढणी बाजूला ठेवली आणि ड्रेसवरून चिलखत चढवलं. ते खळखळत तिच्या अंगावर उतरलं. तिने हात पुढे केला, मग बाजूला. मग तिने एकदम हात वर नेला आणि छताच्या कडीला टांगलेली कांद्याची टोपली खाली काढली. चिलखत जागचं हललं नाही.

"हे पाहा," ती म्हणाली, "कांदे."

मी आणि सुमन एकमेकींच्या गळ्यात पडलो. या वेळी कुणी चंदेरी झालं नाही. रेहानाबी मात्र लेकीकडे पाहतच राहिली. लोखंडात उभी असलेली तिची पोरगी, हातात कांद्याची टोपली. मग तिने घाईने डोळ्यांना पदर लावला. "उतरव, उतरव आता. नजर लागीन."

डब्यात कड्या उरल्या होत्या. मी बसले त्या जागीच पुन्हा पकड हातात घेतली. नसरीनला विचारलं, "तुझी घासणी सपाट करू ना? मावश्यांसारखी, छान चौकोनी?"

"नाही आजी," ती म्हणाली. "आईसारखी. वाकडीच पाहिजे."

निघताना रेहानाबीने माझा रिकामा डबा मागून घेतला आणि कळण्याचं पीठ दाबून भरून दिला. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, "चूप बसा. लेकीच्या भांड्यात मोकळी जागा राहिली असती ना." स्टँडवर सुमनने बॅग उचलायला हात लावला आणि लगेच सोडला. "तुहं ओझं तूच ने," म्हणाली, आणि बस हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली.

परतीच्या वाटेत मी पहिल्यांदाच हिशेब लावला, की माझ्या चिलखतात माझं किती आहे. तार माझी, डोळ्यांचं पाणी माझं. काख मात्र सुमनच्या चोळीची, रेहानाबीच्या आईची आणि त्या अनाम कारागिराची, ज्याला मी पहिल्या नजरेत आळशी म्हटलं होतं. इतक्या जणांचा हात लागल्यावर ते आता अंगाला सैल बसतं, यात नवल नाही.

लग्नानंतर नसरीनचा फोन आला. सासूबाई विचारताहेत, अशी घासणी कुठल्या दुकानात मिळते? मी म्हटलं, सांग, आमच्याकडे मुलीबरोबरच येते.

आणि ईराचा प्रयोग झाला, एका शाळेच्या मैदानावर, सकाळच्या उन्हात. टिकल्यांचं कापड दुकानातच राहिलं. हलगी वाजली, ईरा रिंगणात आली आणि तिने पट्टा डोक्यावर नेला. पोरं पट्ट्याच्या पात्याकडे पाहत होती, शिक्षक ईराच्या चेहऱ्याकडे. एक म्हातारी तेवढी तिच्या काखेकडे बघून टाळ्या वाजवत होती.