मनकर्णाबाईचं मत

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भातकुलीकडून, अचलपुराकडून गाड्यांची रीघ लागली. बाजारात शिरेपर्यंत बैलांना पाणी मिळेना. मनकर्णाबाईचा घरचा बैल तिच्या डोळ्यांदेखत जुवाखाली कोसळला. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. तिनं बाजाराला लागून असलेली आपली विहीर, भोवतालच्या जागेसकट, बैलांसाठी देऊन टाकली.

विहिरीच्या कारभाराला डझनभर व्यापाऱ्यांनी मंडळी काढली. वर्गणी देणारा पहिल्या वर्गाचा सभासद, त्याला दोन मतं. दर चैत्रात चार दिवस गाळ काढणारा दुसऱ्या वर्गाचा, त्याला एक. मत म्हणजे सरकीचा दाणा. एक मडकं होकाराचं, एक नकाराचं. मनकर्णाबाईला सगळ्यांच्या वर बसवलं. ती आश्रयदाती. गादी, नारळ, शिळेवर नाव. मत मात्र नाही. एवढ्या थोर बाईनं मडक्यात हात घालावा, हे म्हणे बरं दिसत नाही. सोयीचा आदर कसा करावा, ते या लोकांकडून शिकावं.

तिसऱ्या वर्षी कापसाच्या गाठी रचायला जागा पुरेना, तेव्हा विहीर बुजवायची टूम निघाली. वैशाखाच्या सभेत मतं पडायची होती. मनकर्णाबाई फाल्गुनातच चिटणीस नत्थुजींच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"औंदा मले बी सरकी पायजे."

"बाई, तुमी आश्रयदात्या. तुमाले मत नसते."

"मंग मले खाली उतरवा. गाळ काढतो मी."

नत्थुजी हसले आणि त्यांनी यादीत तिचं नाव वरून खोडून दुसऱ्या वर्गात लिहिलं. बाई दोन टोपल्यांत थकेल, असा त्यांचा हिशेब होता.

चैत्राच्या उन्हात पन्नाशीची बाई डोक्यावर गाळाची टोपली घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढू लागली. गाडीवान वरमले. "मावशी गाळ वाहून राहिली, अन् आपण बिडी ओढून राहिलो?" नबी गाडीवान म्हणाला आणि खाली उतरला. एरवी आठ जण यायचे, त्या वर्षी चाळीस आले. वैशाखात सरकी मोजली तेव्हा व्यापाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. विहीर वाचली.

इथंच थांबता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतरच्या सभेत नत्थुजींनी ठराव मांडला, की मनकर्णाबाईंना पुन्हा आश्रयदातीचा मान द्यावा. नत्थुजी काही खुळे नव्हते. गाडीवान मात्र हरखून गेले.

"अरे, मले कावून वर चढवता?" मनकर्णाबाई ओरडली. "मत जाईन ना माह्यं!"

"मावशी, मान हाय हा तुमचा," नबी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आमच्या हातानं देऊन राहिलो. नाई म्हणू नका."

नकाराच्या मडक्यात एकच दाणा निघाला. तो तिचा होता.

पुढच्या चैत्रात आश्रयदातीला कुणी टोपलीला हात लावू देईना. ती विहिरीत नाही म्हटल्यावर गाडीवानही आठच आले. वैशाखात विहिरीचा ठराव पुन्हा आला. नबीनं हाताला धरून तिला गादीवर नेऊन बसवलं, आणि समोर सरकी मोजून विहीर बुजवायचं ठरेपर्यंत ती तिथंच बसून होती.