खालापूरची एक नंबरची लाइन

“हिला सांगा की. ही इंग्लिशमधी हाक मारंल, मग तरी उठंल खालापूर,” लाइनमन माझ्या पाठीमागे ताईंना म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नवीन होते, इंग्रजी शाळेत शिकलेली. ताई माझ्या वरच्या ऑपरेटर. सकाळपासून त्या खालापूरला रिंग देत होत्या आणि तिकडून कुणी उचलत नव्हतं. “झोपलेत मेले,” म्हणत त्या पुन्हा हँडल फिरवायच्या.

दाराशी बाकावर भिसेगावचे एक काका बसले होते. त्यांची आई पहाटे गेली होती. थोरला भाऊ खालापूरला, आणि अग्नी त्यानं द्यायचा. “दिवस मावळायच्या आत उचलाया पायजे,” ते म्हणाले. “त्याला न कळवता मी दिला, तर जल्मभर बोलंल मला.”

खालापूरला दोन लाइनी होत्या. एक नंबरवरून आम्ही त्यांना बोलवायचं, दोन नंबरवरून त्यांनी आम्हाला. नियम कुणी केला नव्हता, तशी सवयच पडली होती. त्यांची रिंग आली की आमच्या बोर्डावर दोन नंबरची पितळी झडप पडायची. एक नंबरच्या झडपेकडे कुणी बघत नसे.

मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी बघत होते. ती झडप पडत होती. ताई बोलता बोलता तिला बोटानं वर लोटत. “ढिली झालीय,” म्हणत.

आदल्या दिवशी खांबावरच्या तारा तुटल्या होत्या, लाइनमननं जोडल्या होत्या. जोडताना एक नंबर आणि दोन नंबरच्या तारांची अदलाबदल झाली असेल, तर खालापूरच आम्हाला बोलावत होतं. आमची रिंगही तिकडे भलत्याच झडपेवर जात असणार, आणि तिथंही कुणीतरी ती ढिली म्हणून वर लोटत असणार. मला हे कळलं होतं. पण ज्याची चूक सांगायची तो मागेच उभा होता, आणि माझं मराठी ऐकून तो हसायचा.

काका उठले. “ऱ्हाऊ द्या, ताई. लाकडांचं बघतो मी.”

ते पायऱ्या उतरत असताना झडप पुन्हा पडली. ताईंचा हात तिथं पोचायच्या आत मी एक नंबरच्या भोकात पिन घालून लाइन घेतली. पलीकडे एक बाई वैतागून म्हणत होत्या, “कर्जत, मेलात का सगळे?”

मी दाराकडे वळले. “काका, जाऊ नका,” मी म्हणाले. “तारा उलट्या जोडल्यात. खालापूर लाइनवर आहे, भावाचा पत्ता सांगा.”