जबड्यावरचा डाग

माझ्या डाव्या जबड्यापासून गळ्यापर्यंत भाजल्याचा डाग आहे. तिथली कातडी ओढल्यासारखी, चकचकीत. आई-वडील ऊसतोडीला जात तेव्हा आम्हीही त्यांच्याबरोबर फडावरच्या कोपीत राहायचो. कोपी म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाची झोपडी. एका दुपारी शेजारच्या कोपीतल्या चुलीची ठिणगी उडाली आणि वाऱ्याने सगळी रांगच पेटली. धाकटी बहीण आत साडीच्या झोळीत झोपलेली होती. मी तिच्यासाठी आत शिरले. मला कुणीतरी ओढून बाहेर काढलं. तिला काढता आलं नाही.

त्यानंतर आईने तिचं नाव कधीच काढलं नाही. घरात कुणीच काढत नसे.

पुढे मी बीडला वसतिगृहात राहून कॉलेज करत होते. जिल्ह्याच्या सौंदर्यस्पर्धेत माझं नाव मैत्रिणीनेच देऊन टाकलं. मी काळी, उंच, त्यात हा डाग. मुली हसतील म्हणून मी नको नको म्हणत होते, तरी गेले. मेकअप करणाऱ्या बाईंनी माझी हनुवटी वर धरली आणि म्हणाल्या, "हे आधी झाकू या, बाळा. आणि रंगही दोन छटा उजळ करू."

त्यांनी थरावर थर लावले. स्टेजवर जायच्या आधीच त्या ओढलेल्या कातडीची आग व्हायला लागली. सहन होईना, तेव्हा मी ओल्या रुमालाने सगळं खरडून काढलं. त्यात बंडबिंड काही नव्हतं. पण स्टेजवर परीक्षकबाईंनी विचारलं, "तू हा डाग झाकला का नाहीस?" मग मात्र मी त्या डागाची खरी गोष्ट सांगितली. कोपी, पाचट, झोळी, बहीण. शेवटी म्हणाले, "हा झाकायला सांगणाऱ्यांना मी कुरूप वाटत असेन, तर वाटू द्या."

सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. आमची पोर जळाली, त्याला टाळ्या पडत होत्या.

मुकुट मलाच मिळाला. स्पर्धेला मदत करणाऱ्या साडीच्या दुकानदाराने माझे फोटो काढून घेतले. महिन्याभरात बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात त्याच्या दुकानाचं भलंमोठं बॅनर लागलं. आई-वडील त्याच सुमारास तोडीला निघाले होते. त्यांचा ट्रक चौकातल्या धाब्यापाशी थांबणार होता, म्हणून मी भेटायला गेले. मोठ्या हौसेने आईला बॅनरखाली नेलं.

आई बराच वेळ वर बघत राहिली. "ही कोण हाय?"

"मीच की गं."

"तू न्हाईस. लई गोरी हाय ही." मग तिने माझ्या जबड्याला हात लावला. "हे काहून पुसलं त्यांनी?"

मी स्वतःही ते तेव्हाच पाहत होते. फोटोतला गळा गुळगुळीत होता, कुणाचाही असावा तसा.

"तिचं एवढंच राह्यलंय आपल्याकडं," आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तिथेच, ट्रकच्या धुरात, ती बोलत सुटली. धाकटी झोपेत ओठ कशी चोखायची, तिला गूळ किती आवडायचा. वडील दोन पावलांवर पाठ करून उभे होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला तशी आई डोळे पुसत भांड्यांच्या गाठोड्यांवर चढून बसली.

मी तशीच एसटी पकडून बीडला आले आणि थेट दुकानात गेले. म्हटलं, माझा खरा फोटो लावा, नाहीतर बॅनर उतरवा.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, ती गोष्ट स्टेजवर ठीक होती. मला लगीनसराईत साड्या विकायच्यात."

"मग मी तुमच्या पुढच्या जाहिराती करणार नाही."

"नका करू."

आठवड्यात तिथे दुसऱ्या मुलीचं बॅनर लागलं. आयोजकांनी मला कृतघ्न म्हटलं आणि पुढच्या वर्षी मुकुट द्यायला बोलावलं नाही. त्या वर्षी जिंकलेली मुलगी गोरी होती, चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही.

आई मात्र आता फोनवर अधूनमधून धाकटीबद्दल बोलते. पलीकडे कोयत्यांचा आवाज चालू असतो. मी ऐकत राहते. मुकादमाने हाक मारली की ती मध्येच फोन ठेवते.