तुळसाबाईचं चार वाजताचं गाठोडं

तुळसाबाईच्या टोळीत चौदा बाया होत्या, आणि केळापूरच्या शिवारात त्यांच्याइतका साफ कापूस वेचणारी दुसरी टोळी नव्हती. हे खुद्द डोमाजी कबूल करत असे. डोमाजी म्हणजे वावराचा मालक. दुसऱ्याचं चांगलं कबूल करताना त्याच्या पोटात नेहमीच थोडं दुखायचं.

तुळसाबाईचा जन्म नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षीचा. शाळा तिसरीपर्यंत. आहारशास्त्राचं तिचं एकूण शिक्षण म्हणजे चाळीस वर्षांची वेचणी. सकाळी भाकर खाऊन निघालेली बाई दुपारची शिदोरी सुटल्यावर चारच्या सुमारास ढिली पडते, हात बोंडावर जातो पण कापसासोबत पत्तीही ओढून आणतो, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून चार वाजले की ती धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गाठोडं सोडायची. भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, गुळाचा खडा. फुटाण्यांची टरफलं घरीच चोळून काढलेली, म्हणजे कापसात कचरा जायला नको. बायांनी मूठभर खायचं, पाणी प्यायचं, हात पदराला पुसायचे आणि मगच पुन्हा आपापल्या ओळीत शिरायचं. दहा मिनिटांचं काम.

या मुठीची खरी गरज होती रुपालीला. बावीस वर्षांची पोर, घरी सासूजवळ सहा महिन्यांचं तान्हं ठेवून यायची. सकाळी घरच्यांची ताटं आवरता आवरता तिची स्वतःची भाकर राहून जायची. दिवाळीच्या आधी ती दोनदा वावरात चक्कर येऊन बसली होती. तेव्हापासून तुळसाबाई तिच्या ओंजळीत दोन मुठी टाकायची आणि ती संपेपर्यंत समोरून हलायची नाही.

ते वर्ष दोन हजार सहाचं. त्या काळात पांढरकवड्यात कापसाच्या गाड्यांपेक्षा समित्यांच्या गाड्या जास्त यायच्या. शेतकऱ्याला काय झालंय हे बघायला दिल्लीपासून माणसं येत, आणि आलीच आहेत तर एखादं शिबिर घेऊन जात. मन शांत कसं ठेवावं, गांडूळ कसं पाळावं, मेणबत्त्या कशा कराव्या. असंच एक शिबिर संतुलित आहाराचं झालं. डोमाजी पहिल्या रांगेत बसला. नागपूरच्या मॅडमनी तक्ता लावून सांगितलं की दोन जेवणांच्या मध्ये तळलेलं खाऊ नये, मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ खावा, त्यानं दिवसभर ताकद टिकते. टाळ्या झाल्या. मग आयोजकांनी प्रत्येकाच्या हातात एकेक पुडा दिला. त्यात दोन समोसे, शेव आणि पेढा होता. आहाराचं संतुलन तिथल्या तिथंच साधलं गेलं.

डोमाजीवर मात्र परिणाम झाला. घरी येऊन त्यानं बायकोला, विमलताईंना, फर्मान सोडलं की रोज चारला आपल्याला फुटाण्यांची वाटी लागेल. विमलताईंनी इतक्या वर्षांत असली बरीच फर्मानं पाहिली होती. त्यांनी वाटी भरून दिली.

आठच दिवसांनी तो वावरात आला. जिनिंगवर यंदा कचरा फार बघतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"तुळसाबाई, आजपासून वावरात खाणं बंद. टरफलं जातात कापसात."

"सोलून आणतो जी आमी. आन् धुऱ्यावर बसून खातो."

"बसता, तेच म्हणून राह्यलो मी. चौदा बायांचे दहा-दहा मिनटं. काम कराले आल्या का पंगतीले?"

तुळसाबाईच्या जिभेवर उत्तर होतं. पण ढाणकीकडची एक टोळी तेव्हा गावात काम विचारत फिरत होती, आणि वेचणी सुटली तर चौदा घरी चूल पेटणार नव्हती. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून गाठोडं घरीच राहिलं.

बायांच्या पोटांनी शिबिर केलेलं नसल्यामुळे त्यांना भूक लागतच राहिली. मग आला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. यवतमाळ जिल्ह्यात खर्रा खाण्यात धरत नाहीत. तो उपासालाही चालतो आणि मयतीलाही. डोमाजीनं खाणं बंद केलं होतं. खर्ऱ्याचं तो काही बोलला नव्हता, कारण त्याच्या स्वतःच्या गालात तो सदोदित असायचा. पहिली पन्नी रुपालीनंच कमरेला खोचली.

"टाकून दे ते," तुळसाबाई म्हणाली.

"भूक मरते ना मावशी यानं. चक्कर बी नाही येत. खाली बसाचं काम नाही."

आता खायला काय देणार तिला? तुळसाबाई पुढच्या ओळीत गेली. महिनाभरात चौदापैकी नऊ बायांच्या कमरेला पन्नी होती. कोणी बसत नव्हतं, हात थांबत नव्हते. डोमाजी भलताच खूश होता.

मग त्याची गाडी पांढरकवड्याच्या जिनिंगवर लागली. ग्रेडरनं कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पन्नी काढली. मग दुसरी. सातव्या पन्नीपर्यंत भोवती गर्दी जमली होती. पांढऱ्या कापसावर तांबडे डाग दिसत होते. डोमाजी म्हणाला, बाया लोकांले अक्कल नाही. पण सातातल्या दोन पन्न्या जाड सुपारीच्या होत्या, आणि जाड सुपारीचा खर्रा केळापुरात एकच माणूस खातो, हे त्याच्या गाडीवानानंच हसत हसत सांगून टाकलं. सगळा माल खालच्या प्रतीत गेला.

दुसऱ्या दिवशी चारला डोमाजी स्वतः डबा घेऊन वावरात हजर झाला.

"बायाहो, खर्रा बंद. मधल्या वेळी पौष्टिक खात जा. संतुलित आहार म्हणते त्याले. मी शिबिरात शिकून आलो." आणि त्यानं तुळसाबाईला फुटाणे कसे वाटायचे ते समजावून सांगितलं. पुढच्या शिबिरात याच कामाबद्दल त्याला शाल आणि नारळ मिळाला. तालुक्यात असं करणारा तो पहिला शेतकरी ठरला.

त्या दिवशी बाया धुऱ्यावर बसल्या, हसल्या, खाल्लं. तुळसाबाईनं रुपालीच्या ओंजळीत जुन्या हिशेबानं दोन मुठी टाकल्या आणि समोर उभी राहिली. रुपालीनं चार दाणे तोंडात टाकले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट लागून राह्यले, मावशी."

फुटाण्यांना मीठसुद्धा नव्हतं. तुळसाबाईनं तिचा गाल दाबून तोंड उघडायला लावलं. आतला गाल पांढरट पडला होता, जिभेच्या कडेला फोड होते. दोन महिन्यांत भूक मरता मरता तोंडही मरायला लागलं होतं.

तुळसाबाईला डोमाजीचा राग आला, पण तो जुनाच होता, त्याची तिला सवय होती. नवा राग स्वतःचा आला. बंद करा, असं मालक म्हणाला होता. गाठोडं घरी ठेवून आली होती ती. एका पोरीला चार दाणे पदराआडून देता आले असते. तिनं दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं रुपालीला आधी सरकारी दवाखान्यात नेलं. मग चारच्या वेळेसाठी फुटाणे आणि लाह्या जात्यावर बारीक दळल्या, गुळाच्या पाण्यात पातळ कालवून वाटीत घेतल्या, आणि धुऱ्यावर तिच्या पुढ्यात बसली.

डोमाजी हातातली फुटाण्यांची वाटी घेऊन जवळ आला. "हिले वेगळं काहून? सगळ्यायले सारखं द्या ना."

"चावता येत नाही तिले," तुळसाबाई म्हणाली. "भूक मारली होती ना आपण तिची."

रुपालीनं एक घोट घेतला, डोळे मिटून थांबली आणि गिळला. तुळसाबाई वाटी धरून बसून राहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, बाकीच्या बाया कामाला लागल्या, तरी ती उठली नाही.