विनूचा होकार

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी माझ्या भावाच्या केसपेपरवर स्किझोफ्रेनिया असे लिहिले. भाऊ तेवीस वर्षांचा होता. त्याचे नाव विनायक, घरात विनू. आई बाकावर बसली होती. मी विनूच्या शेजारी उभी होते.

नसलेले आवाज ऐकू येणे, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणे, असा त्या शब्दाचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. दुपारी शाळेत गेल्यावर मी कपाटातला ज्ञानकोश काढून तो शब्द शोधला. शब्द सापडला, पण त्यात विनू कुठे दिसेना.

विनू जन्मापासून मतिमंद. अक्षरे त्याला आली नाहीत, पण ठाकुर्लीच्या एका कार्यशाळेत तो कागदी पिशव्या चिकटवायचा, आणि कडा जुळल्या नाहीत तर पिशवी पुन्हा उलगडून बसायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर तो बदलला. ताट सरकवू लागला. उजव्या गालावर स्वतःच बुक्क्या मारून घ्यायचा. झोप उडाली. एकदा त्याने आईला ढकलले.

कार्यशाळेतले शिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आमच्याकडे मतिमंद मुलं असतात. हे प्रकरण वेगळं आहे. बरा करून आणा, जागा ठेवतो." ठाण्याच्या रुग्णालयात केसपेपर काढणारा माणूस म्हणाला, "मतिमंद ना? मग शाळेत न्या, इथे कशाला?" तरी त्याने कागद दिला.

डॉक्टर सौम्य होते. बाहेर रांग होती.

"विनायक, कानात आवाज येतात?"

"हो."

"कोणी मारायला सांगतं?"

"हो."

"कोण, पुरुष की बाई?"

"बाई."

लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरे वाटले. तो नीट उत्तरे देत होता.

हॅलोपेरिडॉल हे औषध सुरू झाले. त्याने विनू शांत झाला, मग ताठ झाला. याला एक्स्ट्रापिरॅमिडल परिणाम म्हणतात. औषधाने स्नायू आखडतात, हात थरथरतात, लाळ गळते. गालावरच्या बुक्क्या मात्र थांबल्या नाहीत. दर महिन्याला डॉक्टर विचारत, "अजून आवाज येतात?" विनू म्हणे, "हो." गोळी वाढे.

आईला तो आवरेना. मी सुताराला बोलावून आतल्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. शाळेत जाताना लावायची, आल्यावर काढायची. मधले सहा तास आई कडीच्या अलीकडे पाटावर बसून तांदूळ निवडायची. तिलाही उंबऱ्याबाहेर जाता येत नसे. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडते, हे माझ्या लक्षात आले होते. 

अशी दोन वर्षे गेली. मग डॉक्टर म्हणाले, "आता दीर्घकाळ भरतीचा विचार करा. तुम्हीही माणसंच आहात." अर्ज मिळाला. त्यासोबत रुग्णालयातल्या समाजसेविकेचा घरभेटीचा अहवाल लागणार होता. त्या येण्याआधीच अर्जावर माझी सही झाली होती.

त्या नाखवाबाई. ठाण्याजवळच्या कोलशेतच्या, खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातल्या; पदवी घेतलेल्या त्या घरातल्या पहिल्याच. आवाज असा, की शेजारचे दार उघडले.

"काय विनायकराव, ओळखलंत का मला?"

"हो," विनू म्हणाला. त्याने त्यांना कधी पाहिले नव्हते.

"अस्सं? मग मी कोण, तुमची बायको?"

"हो."

आईने तोंडाला पदर लावला. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसत होती.

"घ्या काकू, सून आली घरात, चहा तरी टाका! बरं विनू, मी हत्तीवर बसून आले ना?"

"हो."

"आणि तू मुलगी आहेस ना?"

"हो."

बाई हसायच्या थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, हा नाही कधी म्हणतो?"

मी विनूकडे पाहिले. मग आठवले. वडील गेल्यावर आम्ही काही वर्षे मामाकडे होतो. पोर हट्टी आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून आईने त्याला शिकवले होते, मोठ्यांनी काही विचारले की हो म्हणायचे. सराव माझ्याकडून करून घ्यायची. मी बारा वर्षांची होते. मी मामा व्हायचे, मामी व्हायचे आणि प्रश्न विचारायचे. प्रत्येक होकाराला खडीसाखरेचा एक खडा. प्रश्नात दोन पर्याय असले, तर तो शेवटचा शब्दच परत म्हणायचा. मी चांगले शिकवले होते.

हे सांगितले तेव्हा आई चहाचे आधण ठेवायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाईंनी विनूला पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा दिला आणि बघत बसल्या. त्याने तो डाव्या बाजूला नेला, उजवा गाल तळव्याने धरला. बाईंनी पर्समधून बॅटरी काढली. उजवीकडे शेवटच्या दाढेमागे हिरडी सुजून पिवळी झाली होती.

"दोन वर्षं! अगं बाई, याचं तोंड उघडून कोनीच बघितलं नाय?"

"त्याने कधी सांगितलं नाही हो," चहा घेऊन आलेली आई म्हणाली.

"कसा सांगनार, काकू?"

डेंटल ॲब्सेस, म्हणजे दाताच्या मुळाशी साठलेला पू. दाढ निघाली. आठवड्याभरात बुक्क्या थांबल्या.

बाई म्हणाल्या, "अर्ज राहू दे. ही केस आता माझी." त्यांनी एक पुठ्ठ्याची वही केली. मनाचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, कार्यशाळा, घर, सगळ्यांनी त्याच वहीत लिहायचे. ती वही घेऊन ठाण्यापासून ठाकुर्लीपर्यंत त्या स्वतः फिरत. याला केस मॅनेजमेंट म्हणतात, हे मी पुष्कळ नंतर वाचले. एका माणसाबद्दलचे सगळे एका माणसाला तरी ठाऊक असणे, एवढाच मला कळलेला अर्थ.

डॉक्टरांनी वही वाचून चष्मा काढला. "मी उलटा प्रश्नही विचारायला हवा होता," म्हणाले. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. मी शेजारीच उभी होते. गोळ्या हळूहळू उतरवल्या. एक लहान गोळी राहिली, कारण त्याची भीती आणि उदासी खरी होती. आवाज कधी खरेच येत होते का, हे कोणालाच सांगता आले नाही.

विनूला नाही म्हणायला शिकवायचे, असा घरचा अभ्यास बाईंनी आम्हाला दिला. चमचा दाखवून विचारायचे, "विनू, ही टोपी?" तो म्हणे, "हो," आणि खडीसाखरेसाठी हात पुढे करी. असे तीन महिने चालले.

एका दुपारी आई दवाखान्यात गेली होती आणि मला शाळेत जायचे होते. मी सवयीने म्हणाले, "विनू, कडी लावू ना?"

तो पिशवी चिकटवत होता. वर न बघता म्हणाला, "नाही."

माझा हात कडीवरच राहिला. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

पुढे तो आठवड्यातून तीन दिवस कार्यशाळेत जाऊ लागला. काही वर्षांनी आई शांतपणे वारली. तिच्यानंतर दोन वर्षांनी विनूला न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसांचा संसर्ग. छातीवर हात ठेवून त्यानेच मला सांगितले, "इथे." रुग्णालयात नवव्या दिवशी सकाळी सिस्टरने विचारले, "बरं वाटतंय ना आता?" तो म्हणाला, "नाही." त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावले. दुपारी तो गेला.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर त्याला नाही म्हणता येते का, ते आज बघा. येत नसेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. आणि नाखवाबाईंसारखे कोणी भेटले, तर चहा पाजल्याशिवाय सोडू नका.

वही माझ्याकडे आहे. सही केलेला अर्ज तिच्यातच आहे. कडी मी काढून टाकली. तिच्या स्क्रूंची चार भोके दारावर आहेत.